सहाव्या वर्षी येणारी दाढ : ती वाचवण्याचा उपाय शाळेतच मिळू शकतो

आपल्या घरात सहा-सात वर्षांचे मूल असेल तर आज रात्री जेवण झाल्यावर एक काम करा. मुलाला उजेडात बसवा, मोबाईलची बॅटरी लावा आणि तोंड मोठे उघडायला सांगा. खालच्या जबड्यात, शेवटच्या दुधाच्या दाढेच्याही मागे, एक नवी रुंद दाढ दिसते का ते पाहा. ही दाढ येण्यासाठी कोणताही दुधाचा दात पडत नाही. ती मागच्या मोकळ्या जागेत गुपचूप वर येते. म्हणूनच बहुतेक घरांत तिलाही दुधाची दाढ समजतात आणि ‘किडली तर किडू दे, पडणारच आहे’ असे म्हणून सोडून देतात. पण ही दाढ दुधाची नाही, कायमची आहे. ती गेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

अशा चार दाढा साधारण सहाव्या वर्षी येतात, दोन वर आणि दोन खाली. त्यांच्या मागे आणखी चार साधारण बाराव्या वर्षी येतात. भाकरी चावायची ती याच दाढांनी, आणि म्हातारपणापर्यंत. मुलांच्या कायमच्या दातांना जी कीड लागते, त्यातील दहापैकी जवळपास नऊ वेळा ती मागच्या दाढांनाच लागते.

या दाढा वाचवण्याचा एक साधा उपाय आहे. दंतवैद्य त्याला ‘सीलंट’ म्हणतात. त्यात सुई टोचत नाहीत, दात कोरत नाहीत, रक्त येत नाही. एका दाढेला काही मिनिटे पुरतात. अमेरिकेत गरीब वस्त्यांतील मुलांना हा उपाय दवाखान्यात नव्हे, त्यांच्या शाळेतच दिला जातो. तो शाळेपर्यंत कसा पोहोचला, त्यात कोणी आडकाठी केली आणि आपल्या मुलांसाठी आपण काय मागू शकतो, हे आज या पानावर पाहू.

कीड म्हणजे काय?

आपल्याकडे ‘दाताला किडा लागला’ असे म्हणतात. दातातून किडा काढून दाखवणारेही कधी बाजारात भेटतात. खरे तर दातात किडा नसतो. प्रत्येकाच्या तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. चहात बुडवलेले बिस्कीट, खारी, चॉकलेट, गोळ्या, पाकिटातले वेफर्स यांचे कण दातांवर चिकटून राहिले की हे जंतू त्यावर जगतात आणि आम्ल तयार करतात. ते आम्ल दाताचे कठीण आवरण थोडे थोडे विरघळवते. पुढे खड्डा पडतो. खड्डा दाताच्या नसेपर्यंत पोहोचला की ठणका सुरू होतो.

दाढेचा वरचा भाग सपाट नसतो. त्यावर खाचा असतात आणि काही खाचा इतक्या अरुंद व खोल असतात की ब्रशचा एक केसही आत जात नाही. त्यात नवी दाढ अर्धवट वर आलेली असताना शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते, त्यामुळे ब्रश तिच्या वरून नुसता सरकतो. मूल रोज दात घासत असले तरी खाचेतली घाण तशीच राहू शकते. म्हणून दाढ आल्यानंतरची पहिली काही वर्षे सर्वांत धोक्याची असतात.

आपल्या देशात २००२-०३ मध्ये राष्ट्रीय पातळीवर मुखआरोग्याची पाहणी झाली होती. तिच्यात १२ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५४ टक्के आणि १५ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ६३ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले. म्हणजे वर्गातली निम्मी बाके.

रंगाऱ्याला लगेच कळेल अशी युक्ती

आपल्या वस्तीत रंगकाम करणारे बांधव पुष्कळ आहेत. गुळगुळीत पत्र्यावर थेट रंग मारला तर तो टिकत नाही. आधी पॉलिश पेपरने घासून पृष्ठभाग खरखरीत करावा लागतो, मग रंग धरतो. दातांच्या बाबतीत हीच अडचण होती. दात गुळगुळीत आणि ओला, त्यामुळे त्यावर कोणताही लेप टिकेना.

अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरातील मायकेल बुओनोकोर या दंतवैद्यकीय संशोधकाने १९५५ मध्ये यावर उत्तर शोधले. कारखान्यांत धातूवर रंग पक्का बसावा म्हणून आधी फॉस्फोरिक आम्ल लावतात, हे त्यांना ठाऊक होते. तेच आम्ल त्यांनी दातावर अर्धा मिनिट लावून पाहिले. दाताच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे पडली आणि त्यावर लेप घट्ट बसू लागला. दाढेच्या खाचा बुजवणारे सीलंट याच शोधातून पुढे तयार झाले.

आज सीलंट लावतात ते असे. प्रथम दाढ ब्रशने स्वच्छ करतात. तिच्या बाजूला कापूस ठेवून ती कोरडी करतात. वर आम्लाचे जेल काही सेकंद लावून ते धुऊन काढतात व दाढ पुन्हा वाळवतात. मग पातळ लेप खाचांत सोडतात आणि निळसर प्रकाशाच्या दिव्याने काही सेकंदांत तो कडक करतात. मूल लगेच वर्गात जाऊन बसू शकते.

याचा उपयोग किती होतो? अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०१६ मध्ये दिलेल्या माहितीनुसार सीलंट लावलेल्या दाढांमध्ये पहिली दोन वर्षे सुमारे ८० टक्के कीड टळते आणि चार वर्षांपर्यंतही सुमारे ५० टक्के संरक्षण राहते. सीलंट न लावलेल्या शाळकरी मुलांच्या पहिल्या दाढांत सीलंट लावलेल्यांपेक्षा जवळपास तिप्पट कीड आढळते.

दवाखाना शाळेत आला

औषध निघाले म्हणजे ते गरिबापर्यंत पोहोचते असे नाही. अमेरिका श्रीमंत देश आहे, पण तिथे दातांचा इलाज फार महाग आहे. २००७ मध्ये मेरीलँड राज्यात बारा वर्षांच्या एका काळ्या मुलाचा दाढेच्या संसर्गाने मृत्यू झाला. पू मेंदूपर्यंत पोहोचला होता. ती दाढ वेळीच काढायला सुमारे ८० डॉलर लागले असते. पण त्याच्या आईकडे विमा नव्हता, आणि सरकारी योजनेतील गरीब मुलांना तपासणारे दंतवैद्य मिळणेही कठीण होते. शेवटी मेंदूच्या दोन शस्त्रक्रिया झाल्या, बिल अडीच लाख डॉलरच्या घरात गेले आणि मूल वाचले नाही. दात किडणे ही किरकोळ गोष्ट नाही, हे त्या देशाला या मृत्यूने दाखवून दिले.

मुले दवाखान्यात येऊ शकत नसतील तर दवाखाना मुलांकडे न्यावा, हा विचार तिथे काही राज्यांत त्याआधीच सुरू झाला होता. ओहायो राज्याने १९८४ मध्ये शाळांत सीलंट लावण्याचा कार्यक्रम सुरू केला. शाळा कोणत्या निवडायच्या? आपल्याकडे शाळेत पोषण आहार मिळतो, तसे तिथे गरीब घरातील मुलांना मोफत किंवा सवलतीत जेवण मिळते. अशी मुले ज्या शाळेत जास्त, ती शाळा आधी. वर्ग कोणते? मुख्यतः दुसरी आणि सहावी. दुसरीत पहिल्या कायमच्या दाढा नुकत्याच आलेल्या असतात आणि सहावीत दुसऱ्या येत असतात. घडीची खुर्ची, दिवा आणि हवा-पाण्याचे छोटे यंत्र गाडीतून आणायचे, शाळेच्या एका खोलीत मांडायचे आणि पालकांची सही असलेल्या मुलांना एकेक करून बोलवायचे.

१९९८-९९ मध्ये ओहायोत तिसरीच्या मुलांची तपासणी झाली. कार्यक्रम चालू असलेल्या शाळांत सुमारे ५७ टक्के मुलांच्या दाढांवर सीलंट होते. कार्यक्रम नसलेल्या शाळांत हे प्रमाण सुमारे २८ टक्के होते. आम्हाला या पाहणीतील दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. एरवी सीलंटच्या बाबतीत काळी मुले गोऱ्यांच्या मागे आणि गरीब मुले सधनांच्या मागे असत. जिथे दवाखाना शाळेत आला, तिथे ही दरी मोठ्या प्रमाणात भरून निघाली. ‘गरीब लोक दातांची काळजीच घेत नाहीत’ असे म्हणणाऱ्यांना यात उत्तर आहे. सोय दारात आली तेव्हा गरीब मुलांनी तिचा लाभ घेतला.

कोणाच्या हाताने लावायचे?

हे काम सोपे असले तरी त्यावरून मोठा वाद झाला. शाळांत सीलंट लावण्याचे काम बहुतेक वेळा हायजिनिस्ट करतात. दात स्वच्छ करणे, फ्लोराइड लावणे, सीलंट बसवणे याचे रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या या कर्मचारी असतात. पण काही राज्यांत असा नियम होता की आधी दंतवैद्याने प्रत्येक मूल तपासलेच पाहिजे. गरीब शाळेत दंतवैद्य येणार कधी? मग काम अडून राही.

दक्षिण कॅरोलिना राज्याच्या विधिमंडळाने २००० साली कायदा बदलून शाळेतील अशा कामासाठी ही अट काढली. पण २००१ मध्ये तिथल्या दंतवैद्यक मंडळाने तातडीचा नियम काढून ती अट परत आणली. या मंडळावर बहुसंख्य सदस्य दंतवैद्यच होते. २००३ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने मंडळाविरुद्ध तक्रार दाखल केली. मंडळाच्या नियमामुळे हजारो मुले, त्यातही गरीब घरांतील मुले, उपचाराला मुकली, असे आयोगाचे म्हणणे होते. २००७ मध्ये मंडळाने तडजोड मान्य केली.

आपण यातून एवढे ध्यानात ठेवावे की उपाय स्वस्त आणि सोपा असला तरी तो मुलाच्या तोंडापर्यंत पोहोचण्याच्या वाटेत नियम, खर्च आणि काहींचे हितसंबंध उभे असतात. ते कोणी तरी हलवावे लागतात.

काळा डाग पाडणारे औषध

न्यूयॉर्क शहरातील गरीब वस्त्यांच्या शाळांत अलीकडे आणखी एक प्रयोग झाला. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयाने काही शाळांत सीलंट लावले, तर काही शाळांत ‘सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड’ नावाचे औषध लावले. हे चांदी आणि फ्लोराइड असलेले द्रव आहे. ते छोट्या ब्रशने दातावर नुसते पुसायचे असते. यातली बहुसंख्य मुले काळी आणि लॅटिनो कुटुंबांतली होती. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन वर्षांत दोन्ही उपायांनी जवळपास सारखीच, सुमारे ८० टक्के, नवी कीड टाळली. पुढे असेही दिसले की प्रशिक्षण दिल्यावर शाळेतील परिचारिकाही हे औषध चांगल्या रीतीने लावू शकतात.

हे औषध भारतातही मिळते. त्याची एक खोड सांगायला हवी. ते किडलेल्या जागी लावले की तो भाग काळा पडतो आणि काळाच राहतो. मागच्या दाढेत हे खपून जाते, समोरच्या दातात पालकांना आवडत नाही. म्हणून लावण्याआधी पालकांना तसे सांगितले पाहिजे आणि पालकांनीही विचारून घेतले पाहिजे.

आपल्या शाळेत काय आहे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघर येथे झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो आहे. अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी व्हावी, असे त्यात ठरले आहे. खेड्यांबरोबर शहरातील झोपडपट्ट्यांचाही त्यात समावेश आहे. तपासणी पथकात दोन डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता असतात. ज्या आजारांसाठी मुले तपासायची त्यांच्या यादीत किडलेले दातही आहेत.

मात्र या पथकाचे मुख्य काम मूल तपासणे आणि गरज असेल तर पुढच्या रुग्णालयात पाठवणे हे आहे. कीड दिसली की चिठ्ठी मिळते. कीड लागण्याआधी दाढ बंद करण्यासाठी ते पथक नाही. आणि चिठ्ठी मिळाली तरी आईने एका दिवसाची मजुरी बुडवून, दोन बस बदलून रुग्णालयात जायचे असते. बऱ्याच घरांत ती चिठ्ठी दप्तरातच राहते. ओहायोने नेमके हेच अंतर कमी केले.

ते आपल्याकडे कमी करता येईल का? त्यासाठी लागणारे बरेच काही आपल्याकडे आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. मुंबई महापालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आहे. शिवाय अनेक जिल्ह्यांत खासगी दंत महाविद्यालये आहेत. दंत महाविद्यालयांत सार्वजनिक दंत आरोग्याचा वेगळा विभाग असतो आणि त्याचे शिकाऊ डॉक्टर शिबिरांसाठी वस्त्यांत व शाळांत जातात. बहुतेक शिबिरांत दात तपासतात, ब्रश कसा धरायचा ते शिकवतात आणि पेस्ट वाटतात. तेवढ्यावर न थांबता दुसरीच्या आणि सहावी-सातवीच्या मुलांच्या दाढांना सीलंट लावा, अशी लेखी मागणी शाळेने करावी.

ही मागणी शाळेकडून कोण करवून घेणार? शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार सरकारी व अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, वंचित घटकांतील पालकांना त्यात प्रमाणात प्रतिनिधित्व द्यावे लागते आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असतात. आपल्या वस्तीतील कोणी ना कोणी या समितीवर असते. पुढच्या सभेत या तीन गोष्टी विचारा :

१. यंदा आरोग्य पथक शाळेत कधी आले आणि किती मुलांच्या दातांत कीड आढळली?

२. पुढे पाठवलेल्या मुलांपैकी किती जणांवर उपचार झाले?

३. जवळच्या दंत महाविद्यालयाला किंवा जिल्हा रुग्णालयाच्या दंत विभागाला शाळेतर्फे सीलंट शिबिरासाठी पत्र देता येईल का?

उत्तरे सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. एकच वर्ष शिबिर होऊन पुढे कोणी आले नाही तर उपयोग अर्धाच राहतो, कारण लेप टिकला आहे का हे दरवर्षी पाहावे लागते. म्हणून पत्रात ‘दरवर्षी’ हा शब्द असू द्या. आणि शाळेतून संमतीचा कागद घरी आला तर तो वाचून, सही करून परत पाठवा. अमेरिकेतील शाळांतही हा कागद परत न आल्यामुळे अनेक मुले राहून जातात.

पालकांच्या नेहमीच्या शंका

*मुलाला दुखते का?* नाही. जेलची चव थोडी आंबट-कडू लागते. तोंड काही वेळ उघडे धरावे लागते, तेवढाच त्रास.

*आधीच खड्डा पडला असेल तर?* मोठा खड्डा असेल तर सीलंट पुरत नाही. तिथे सिमेंट भरावे लागते किंवा नसेचा इलाज करावा लागतो. म्हणूनच दाढ चांगली असतानाच ती बंद करायची.

*लेप निघून पोटात गेला तर?* छोटा तुकडा गिळला गेला तरी अपाय होत नाही. दाढेवर लेप पुन्हा लावून घ्यावा.

*सीलंट लावले म्हणजे दात घासायला नकोत?* घासायला हवेत. सीलंट फक्त दाढेच्या वरच्या खाचा झाकते. दोन दातांच्या मधल्या फटी आणि हिरडीजवळचा भाग उघडाच असतो.

*दुधाचे दात किडले तर सोडून द्यावे का?* नाही. त्याचा ठणकाही खराच असतो, आणि दुधाची दाढ वेळेआधी गेली की मागचे दात पुढे सरकून नवे दात वाकडे येऊ शकतात.

घरात आजपासून

फ्लोराइड असलेल्या पेस्टने दिवसातून दोनदा दात घासावेत. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. घासून झाल्यावर थुंकायला सांगावे, गिळू देऊ नये. रात्री झोपण्यापूर्वीचे घासणे चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना मोकळे रान मिळते. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या मागच्या दाढा मोठ्या माणसाने स्वतः घासून द्याव्यात. नवी दाढ अर्धवट आलेली असेल तर ब्रश गालाच्या बाजूने आडवा घालून तिच्यावर फिरवावा. मुलाला मशेरी कधीही लावू देऊ नये, तिच्यात तंबाखू असतो आणि त्याची सवय लागते.

गोड खाऊ पूर्ण बंद करा असे आम्ही सांगणार नाही, ते कोणत्याच घरात जमत नाही. पण दिवसभर थोडे थोडे चघळण्यापेक्षा जेवणाबरोबर एकदाच खाल्लेले बरे. दर वेळी गोड खाल्ले की तोंडात काही काळ आम्ल तयार होत राहते. दिवसातून दहा वेळा खाल्ले तर दातांना सावरायला वेळच मिळत नाही.

शाळेत सोय होईपर्यंत, ज्यांना शक्य आहे त्यांनी मुलाची दाढ पूर्ण वर आली की जवळच्या शासकीय किंवा महापालिकेच्या दंत विभागात न्यावे आणि ‘बालदंत विभागात सीलंट लावायचे आहे’ असे स्पष्ट सांगावे. ठणका नसताना दंतवैद्याकडे जाण्याची आपल्याला सवय नाही. पण ठणका लागल्यावर दाढ काढण्याचीच वेळ येते आणि काढलेली दाढ परत येत नाही. सहा वर्षांच्या मुलाला ही दाढ आणखी साठ-सत्तर वर्षे वापरायची आहे.